बांधकाम-कामगार आणि रक्तातून पसरणारे रोग

रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः रुग्णालय डोळ्यांपुढे उभे राहते. शस्त्रक्रियेचे दालन, रक्तपेढी, परिचारिकेच्या हातातील सुई आणि प्रयोगशाळेतील काचनळ्या यांच्याशीच या रोगांचा संबंध जोडण्याची सवय समाजाला लागली आहे. ही सवय अगदीच निराधार नाही. रुग्णालयात दररोज रक्ताशी संबंध येतो आणि म्हणूनच तेथे हातमोजे, सुया टाकण्याचे स्वतंत्र डबे व प्रतिबंधक लस यांची व्यवस्था हळूहळू रूढ झाली. परंतु रक्त बांधकामाच्या जागेवरही सांडते. सळई कापताना बोट सापडते, सेंटरिंगच्या फळीतील खिळा पायात घुसतो, फरशी कापण्याच्या यंत्राची पाती निसटते, परांचीवरून माणूस खाली कोसळतो. अशा वेळी जखम दाबून धरण्यास, जखमीला उचलण्यास आणि मागाहून ते रक्त धुऊन काढण्यास जे हात पुढे होतात ते बहुधा उघडेच असतात.

या हातांच्या रक्षणाचा विचार भारतात फारसा झालेला नाही. उंचावरून पडणे, माती ढासळणे, विजेचा धक्का बसणे हे धोके डोळ्यांना दिसतात. त्यांच्यासाठी शिरस्त्राण, कमरपट्टा व जाळी यांचे नियम झाले. रक्तातून शरीरात शिरलेला विषाणू मात्र त्या दिवशी काहीच त्रास देत नाही. त्याचा परिणाम दहा-वीस वर्षांनी, कामगार आपल्या गावी परतल्यावर, यकृताच्या विकाराच्या रूपाने प्रकट होतो, आणि तोपर्यंत त्याचे मूळ कोणत्या कामावर होते हे कोणासही सांगता येत नाही. ज्या हानीची नोंद होत नाही, तिच्या प्रतिबंधाची मागणीही कोणी करीत नाही. ती मागणी आता स्पष्टपणे झाली पाहिजे. प्रत्येक बांधकाम-कामगारास यकृतदाहाची लस, प्रथमोपचाराच्या प्रत्येक पेटीत योग्य हातमोजे, आणि टोकदार वस्तू टोचल्यास पहिल्या काही तासांत काय करावयाचे याचे शिक्षण, या तीन गोष्टी शिरस्त्राणाइतक्याच आवश्यक मानल्या गेल्या पाहिजेत.

तीन विषाणू

येथे मुख्यतः तीन विषाणूंचा विचार करावा लागतो. पहिला हिपॅटायटिस ‘बी’ या यकृतदाहाचा. काही भागांत लोक या रोगास ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. या विषाणूचा माग डॉ. बारूक ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञास लागला. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात आढळलेल्या एका अपरिचित प्रथिनाविषयी त्यांनी १९६५ साली लिहिले, आणि पुढे ते प्रथिन या विषाणूच्याच आवरणाचा भाग असल्याचे सिद्ध झाले. या कार्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा विषाणू हिपॅटायटिस ‘सी’चा, तो १९८९ साली ओळखला गेला. तिसरा एच.आय.व्ही.; तो १९८३ साली वेगळा करण्यात आला आणि भारतात त्याचे अस्तित्व १९८६ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात, प्रथम आढळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस ‘बी’चा आणि सुमारे ५५ लाख लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस ‘सी’चा विषाणू होता. यांपैकी बहुसंख्यांना स्वतःस त्याची कल्पना नसते. ते निरोगी माणसाप्रमाणेच काम करतात. अर्थात एखाद्या कामावर शेकडो माणसे असतील तर त्यांतील काहींच्या रक्तात हा विषाणू असणे स्वाभाविक आहे आणि चेहऱ्यावरून ते ओळखता येणे अशक्य आहे.

तिन्हींचा मार्ग एक असला तरी त्यांची शक्ती सारखी नाही. रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली असता लस न घेतलेल्या माणसास हिपॅटायटिस ‘बी’ होण्याचा संभव शंभरात सहा ते तीस इतका असतो. हिपॅटायटिस ‘सी’च्या बाबतीत तो शंभरात सुमारे दोन किंवा त्याहूनही कमी, तर एच.आय.व्ही.च्या बाबतीत हजारात सुमारे तीन एवढाच आहे. समाजाला भय वाटते ते शेवटच्या रोगाचे. वस्तुतः सर्वांत अधिक सांसर्गिक आहे तो पहिला. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस रोगकारक राहू शकतो. फळीवरचा तांबूस डाग वाळला म्हणजे निरुपद्रवी झाला, ही समजूत म्हणून चुकीची आहे.

धोका कोठून येतो

निरोगी, अखंड त्वचेतून हे विषाणू आत शिरत नाहीत. शाळेतील मुलांना व सामान्य नागरिकांना हे वाक्य दिलासा देण्यास पुरेसे आहे. परंतु गवंड्याच्या किंवा बिगाऱ्याच्या हाताकडे पाहिल्यास या वाक्याची मर्यादा ध्यानात येते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यातील क्रोमियमच्या संयुगांमुळे पुष्कळांना त्वचेचा दाह होतो. रोज माल कालवणाऱ्या आणि गिलावा करणाऱ्या माणसाच्या बोटांना भेगा पडतात, तळहात सोलवटतो, विटांनी कातडी घासली जाते. ज्या अखंड त्वचेवर आरोग्यशास्त्र भिस्त ठेवते, ती या कामगाराजवळ क्वचितच असते. सोबत्याची जखम दाबून धरताना त्याच्या भेगाळलेल्या हातावर रक्त येणे आणि परिचारिकेच्या निरोगी हातावर रक्त येणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. तरीही हातमोजा मिळतो तो परिचारिकेला.

दुसरा धोका टाकून दिलेल्या सुयांचा व पात्यांचा. जुन्या इमारती पाडताना, कचऱ्याच्या भरणीवर पाया खोदताना, गटारे व मलवाहिन्या उघडताना राडारोड्यात इंजेक्शनच्या सुया, दाढीची पाती व फुटलेल्या कुप्या हाताला लागतात. रुग्णालयाच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्यांना तर हा धोका विशेष. रुग्णालयातील कचऱ्याविषयी भारतात १९९८ साली नियम झाले आणि २०१६ साली ते नव्याने करण्यात आले. त्यांनुसार सुया व धारदार वस्तू न भेदल्या जाणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यात ठेवणे बंधनकारक आहे. परंतु नियम होण्यापूर्वी भिंतीमागे, छताच्या पोकळीत किंवा नळाच्या वळणात पडलेली सुई तेथेच राहते, आणि ती प्रथम ज्याच्या बोटाला सापडते तो बहुधा नळकाम करणारा किंवा भिंत फोडणारा मजूर असतो. अशा जुन्या सुईपासून एच.आय.व्ही. होण्याचा संभव फारच कमी असतो, हे खरे. पण सुई किती जुनी आहे हे बोटाला कळत नाही.

तिसरा धोका कामाच्या वेळेबाहेरचा आहे. कामगारांच्या वस्तीजवळ पात्रता नसलेला एखादा ‘डॉक्टर’ एकच सुई अनेकांना टोचतो. न्हावी एकाच पात्याने अनेकांची दाढी करतो. वापरलेल्या सुयांचा पुनर्वापर किती घातक ठरतो हे गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली देशाने पाहिले. हिपॅटायटिस ‘बी’च्या त्या साथीत अनेकांचा बळी गेला. ताप आला की ‘सुई घेतल्याशिवाय उतरत नाही’ ही समजूत कामगारांत रूढ आहे आणि कामाच्या जागी खरे वैद्यकीय साहाय्य नसल्यामुळे ती टिकून राहते. मुकादमाने वा कंत्राटदाराने ही आपली बाब नव्हे असे म्हणणे सोपे असले तरी, माणसे दूरच्या प्रांतांतून आणून कामाच्या जागेशेजारीच राहावयास लावल्यावर त्यांच्या औषधोपचाराची जबाबदारी टाळणे न्याय्य ठरत नाही.

साधे उपाय

यावरील उपाय अवघड नाहीत. प्रत्येक अनोळखी रक्त सांसर्गिक आहे असे समजूनच त्यास हात लावावा, हे पहिले तत्त्व. कोणाचे रक्त शुद्ध व कोणाचे दूषित याची चौकशी करीत बसण्याची यात गरज नसते, आणि म्हणून कोणाचा अपमानही होत नाही. जखमीस हात लावताना पातळ रबरी किंवा नायट्रिलचे, एकदा वापरून टाकून देण्याचे हातमोजे घालावेत. विटा वा सळया उचलण्याचे कातडी किंवा सुती मोजे या कामी उपयोगाचे नाहीत. ते रक्त शोषून घेतात आणि पुढे अनेक दिवस तेच मोजे वापरले जातात. मोजे मिळालेच नाहीत तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवावी. तसे करण्यात वेळ घालवून रक्तस्राव वाहू देऊ नये, आणि शक्य असल्यास जखमीने स्वतःच आपली जखम दाबून धरावी.

सांडलेले रक्त तसेच धुऊन टाकू नये. त्यावर जुने कापड अंथरून ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतावे, सुमारे अर्धा तास थांबावे आणि मग जागा पुसून घ्यावी. ३० टक्के क्लोरीन असलेली सुमारे ३३ ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात घातली असता आवश्यक तेवढे, म्हणजे १ टक्का क्लोरीनचे, द्रावण तयार होते. ते रोज ताजे करावे लागते. ब्लीचिंग पावडर बांधकामावर व नगरपालिकांत सर्वपरिचित आहे. तेव्हा या उपायास साहित्याची अडचण सांगता येणार नाही.

राडारोड्यात सुई आढळल्यास ती हाताने उचलू नये व तिच्यावर टोपण बसविण्याचा यत्न करू नये. चिमट्याने किंवा फावड्याने ती उचलून जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाकावी. पोते वा पिशवी हाताने दाबून भरू नये आणि मांडीला लागू देऊन वाहून नेऊ नये. रुग्णालयाची इमारत दुरुस्तीस काढण्यापूर्वी कोणत्या भागात असे अवशेष असण्याचा संभव आहे याची माहिती रुग्णालयाने कंत्राटदारास लेखी दिली पाहिजे.

एवढे करूनही सुई टोचली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती पिळू नये, तोंडाने चोखू नये, तिच्यावर ब्लीच किंवा तीव्र औषध ओतू नये. डोळ्यात रक्त उडाल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. नंतर विलंब न लावता सरकारी रुग्णालय गाठावे. एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधाची औषधे शक्य तर दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. लस न घेतलेल्यास हिपॅटायटिस ‘बी’साठी लस आणि आवश्यक तर प्रतिद्रव्याचे इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत, दिले जाते. हिपॅटायटिस ‘सी’ला लस नाही; परंतु त्याची वेळीच तपासणी झाली तर आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व हे उपचार विनामूल्य आहेत. या सर्व सोयींचे मूल्य कामगाराला त्यांची वार्ता असण्यावर अवलंबून आहे. हजेरी बुडेल या भीतीने तो संध्याकाळपर्यंत थांबला, किंवा हळद लावून गप्प बसला, तर ते पहिले तास वाया जातात. म्हणून टोचल्याची वर्दी देणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही, हे जाहीर करणे हासुद्धा आरोग्याचाच नियम समजला पाहिजे.

कायदा आणि त्यातील उणीव

या बाबतीत कायद्याने बांधकाम-कामगारास विसरल्याचे उदाहरण केवळ भारतातच आढळते असे नाही. अमेरिकेत १९९१ साली रक्तजन्य रोगजंतूंपासून कामगारांचे रक्षण करणारा विस्तृत नियम झाला. मालकाने स्वखर्चाने लस द्यावी, संरक्षक साधने पुरवावी, शिक्षण द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे. परंतु हा नियम बांधकाम-उद्योगास लागू नाही. तेथे मालकाच्या सर्वसाधारण कर्तव्याचा आधार घ्यावा लागतो. जेथे नियम सर्वांत काटेकोर, तेथेही परांचीवरचा माणूस बाहेरच राहिला.

भारतात १९९६ च्या बांधकाम-कामगारविषयक कायद्याने प्रत्येक कामावर प्रथमोपचाराची सोय बंधनकारक केली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम-खर्चावर उपकर बसविला; तो एक टक्क्याने वसूल होऊ लागला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यात ठरावीक वर्गांतील कामगारांची वार्षिक आरोग्य-तपासणी विनामूल्य करण्याचे कर्तव्य मालकावर टाकलेले आहे. एच.आय.व्ही. व एड्सविषयक २०१७ चा कायदाही येथे महत्त्वाचा आहे. जेथे व्यवसायामुळे संसर्गाचा लक्षणीय धोका असेल अशा प्रत्येक आस्थापनेने सार्वत्रिक दक्षतेची साधने, शिक्षण आणि प्रतिबंधक औषधे पुरवावीत, असे तो सांगतो; त्याचे शब्द रुग्णालयापुरते मर्यादित नाहीत. नियम करणाऱ्यांनी निदान रुग्णालयांची दुरुस्ती, जुन्या इमारतींची पाडापाडी व मलवाहिन्यांची कामे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख केला, तर नवा कायदा करण्याचीही गरज पडणार नाही.

लस आणि तिच्यावरील आक्षेप

सर्वांत महत्त्वाचा उपाय लसीचा. हिपॅटायटिस ‘बी’ची लस १९८०च्या दशकापासून उपलब्ध आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशात तयार केलेली लस बाजारात आणली आणि पूर्वी सामान्यांना न परवडणारी ही वस्तू स्वस्त झाली. २०११ पर्यंत तिचा बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात देशभर समावेश झाला. परंतु आज परांचीवर चढणाऱ्या बहुतेकांचा जन्म त्यापूर्वीचा आहे. मुलास लस मिळाली आणि बापास मिळाली नाही, अशी कामगाराच्या कुटुंबाची आजची स्थिती आहे. आरोग्य-कर्मचाऱ्यांसाठी सरकारने या लसीची तरतूद केली. बांधकामावर प्रथमोपचार करणारासही तिचा हक्क पोचला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, लसीच्या तीन मात्रा शून्य, एक व सहा महिन्यांनी द्यावयाच्या असतात आणि बांधकामाचा मजूर सहा महिने एका जागी राहत नाही. आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. मध्ये खंड पडला तरी पूर्वीच्या मात्रा वाया जात नाहीत. क्रम पुन्हा आरंभापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेली मात्रा मिळेल तेथे घेता येते. पाटण्यात पहिली, पुण्यात दुसरी आणि सुरतेत तिसरी घेणाऱ्यासही संरक्षण मिळते. त्यासाठी कामगाराच्या नोंदणीपत्रावर लसीची नोंद हवी आणि दुसऱ्या राज्याच्या मंडळाने ती मान्य केली पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. यास उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मार्च २०१८ च्या निकालातच आहे. कामगारांच्या नावाने तोवर सुमारे ३७,४०० कोटी रुपये उपकर जमा झाला होता आणि त्यांपैकी सुमारे ९,५०० कोटी रुपयेच खर्ची पडले होते, याची न्यायालयाने कठोर शब्दांत दखल घेतली. ज्या निधीतून भांडी व सायकली वाटता येतात, त्यातून लसीच्या तीन मात्रा देता येत नाहीत हे कोणासही पटणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रक्ताचे भय मनात घातले तर जखमीजवळ कोणी जाणारच नाही, किंवा मालक रक्ततपासणी करून माणसांना कामावरून काढतील, असे काहींना वाटते. दुसऱ्या शंकेपुरते कायदा स्पष्ट आहे: नोकरीसाठी एच.आय.व्ही.ची तपासणी सक्तीची करणे व त्या कारणाने भेदभाव करणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. म्हणून मागणी लसीची व हातमोज्यांची असावी. कामगारांच्या रक्ताची यादी करण्याची कदापि नसावी. एका ताटात जेवल्याने, एकच घमेले उचलल्याने, घामाने किंवा डासाने हे रोग पसरत नाहीत, हे याच शिक्षणात सांगितले पाहिजे. पहिल्या शंकेचे उत्तर असे की, आपले संरक्षण झालेले आहे याची खात्री असलेला माणूसच निर्धास्तपणे पुढे होतो. ज्याने लस घेतली आहे आणि ज्याच्या खिशात हातमोज्यांची जोडी आहे, तो सोबत्याला उचलताना कचरत नाही.

एखादा माणूस पडला की बांधकामावरचे सारे काम थांबते आणि आजूबाजूचे धावत येतात, ही या व्यवसायातील जुनी व चांगली रीत आहे. त्या धावण्याची किंमत धावणाऱ्याने आपल्या यकृताने चुकवावी, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजास शोभत नाही. कल्याण मंडळांनी नोंदणीच्या दिवशीच पहिली मात्रा द्यावी, निविदेच्या अटींत हातमोजे, सुयांचा डबा व ब्लीचिंग पावडर यांचा समावेश करावा, आणि प्रत्येक कामाच्या फाटकावर जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव कामगारांना वाचता येईल अशा भाषेत लावावे. शाळा, वसाहती व रुग्णालये बांधून घेणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी याचा आरंभ स्वतःच्या कामांपासून करावा. खाजगी बांधकामांना मग तोच दंडक लावणे अवघड जाणार नाही.